वारलूभाऊंचा बोर्ड

माझी सून घरात बसून कंपनीत जाते. लॅपटॉप उघडला की गेली, मिटला की आली. परवा मी तिच्या मागून वाकून पाहिलं तर पडद्यावर चौकटींची उतरंड. सगळ्यात वर एक टायवाला, त्याच्याखाली चार जण, त्या चौघांखाली बारा.

"हा वरचा कोण गं?"

"माझा बॉस. म्हणजे, होता. तीन महिने झाले सोडून."

"मग अजून वर काय करतोय?"

"कोणी काढलंच नाही, आई. हे अपडेट करायचं काम कोणाचं, तेच कोणाला माहीत नाही."

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. सुनेला वाटलं, सासूबाईंना झटका आला. तसं काही नव्हतं, मला वारलूभाऊ आठवले होते. आणि त्यांच्याबरोबर तेवीस वर्षांची मी आठवले. ती पोरगी आज समोर आली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग शांतपणे कान पिळीन.

तेवीस वर्षांची असताना जगात मला न कळणारं काही उरलं नव्हतं. चंद्रपुरात बी.कॉम. झाले होते, मराठी-इंग्रजी दोन्ही टायपिंगची सर्टिफिकिटं होती आणि घुग्घुसकडच्या एका सिमेंट कारखान्यात पर्सोनेल खात्यात नोकरी लागली होती. पहिल्या दिवशी पांढरी साडी नेसून गेले. संध्याकाळी ती राखाडी झाली. दुसऱ्या दिवशी दुसरी पांढरी नेसून गेले. यावरून माझ्या बुद्धीचा अंदाज यावा.

मॅनेजरसाहेबांनी मला काम दिलं ते कारखान्याचा तक्ता करायचं. कोण कोणाच्या हाताखाली, कोणती जागा भरलेली, कोणती रिकामी, हे सगळं एका कागदावर दिसलं पाहिजे आणि ते रोज खरं असलं पाहिजे, असं ते म्हणाले. त्यातलं पहिलं अर्धं मी ऐकलं. तीन आठवडे फूटपट्टी आणि काळी शाई घेऊन बसले. साहेब लोकांना दुहेरी रेघेची चौकट, फोरमनला एकेरी. खालच्या कोपऱ्यात हेल्पर, शिपाई, झाडूवाले यांच्यासाठी एक बारकी चौकट, तिच्यात एकच शब्द: "इतर." मग तो तक्ता चंद्रपूरला पाठवून काचेच्या फ्रेममध्ये घालून आणला आणि ऑफिसच्या दारासमोर टांगला. काचेतल्या कागदावर चूक सुधारायची तर सुतार बोलवावा लागतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सुधारायची वेळ येईल असंच वाटत नव्हतं.

त्या तक्त्यापासून वीस पावलांवर, हजेरी लागते त्या टाइम ऑफिसबाहेर, दुसरा एक तक्ता होता. खोक्यांच्या फळ्या जोडून केलेला, दारापेक्षा रुंद. त्यावर खिळ्यांच्या रांगा, खिळ्यांवर पत्र्याच्या पाट्या, पाट्यांवर पांढऱ्या रंगानं नावं. एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत ताणलेला लाल दोरा: कोण कोणाला काम सांगतो, त्याचा. पाटीची मागची बाजू काळी. माणूस जागेवर नसला की पाटी उलटी, आणि तिच्याखाली त्याच्या जागी जो उभा आहे त्याची पाटी. सगळे याला "वारलूभाऊचा बोर्ड" म्हणत.

वारलूभाऊ टाइम ऑफिसात हेल्पर. माझ्या भाषेत "इतर." आरमोरीकडचे, ढिवराचे. वैनगंगेत आणि गावच्या तलावात जाळं टाकून वाढलेले, त्यामुळे खांदे रुंद आणि बोटं बारीक कामाची. दोऱ्याला ते जाळ्याची गाठ मारत. ओढली तर सुटणार नाही, पण एका नेमक्या टोकाला धरलं की क्षणात मोकळी. ते टोक कोणतं, हे दुसऱ्या कोणाला कधी सापडलं नाही. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथेही तोच लाल दोरा.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती तक्रार घेऊन.

"वारलूभाऊ, मला लागून आठवडा झाला. तुमच्या बोर्डावर माझं नाव का नाही?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काम सुरू केलं का, बाई?"

"म्हणजे काय! रोज येते ना मी."

"येता ते मी पाहून राह्यलो. काम सुरू झालं का ते पुसलो."

अकराव्या दिवशी पाटी लागली. त्या दिवशी मी पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडले होते. एका खलाशाचा, म्हणजे मशीनवरच्या मदतनिसाचा, बदलीचा अर्ज तासाभरात टाइप करून दिला होता. पाटीवर "कुसुम" एवढंच. श्री, सौ., कुमारी, साहेब, बाई असलं काही ते पाटीवर लिहीत नसत. मॅनेजरसाहेबांच्या पाटीवरही नुसतं "वसंत" होतं. "मोठं नाव लिवलं तं पत्रा मोठा लागते," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

बोर्ड खरा ठेवायची त्यांची रीत अशी. सकाळी पाळी बदलायच्या वेळी फाटकाशी उभं राहायचं. हातात सुपारी-तंबाखूचा खर्रा, डावा तळवा, उजव्या अंगठ्यानं घोटणं चाललेलं. येणाऱ्याला चिमूटभर द्यायचा आणि विचारायचं, "आज तुले कोन सांगते?" त्यानं नाव सांगितलं की ते नाव लक्षात ठेवायचं आणि तो माणूस आला की त्याला विचारायचं, "आज तू कोनाकोनाले सांगते?" दोन्हीकडून एकच उत्तर आलं तर दोरा बांधायचा. नाही आलं तर दोरा तसाच लोंबत ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल की इथे भानगड आहे. कारखान्यातल्या निम्म्या भानगडी त्या लोंबत्या दोऱ्यांमुळे मिटल्या. लोकांना लाज वाटायची.

एकदा त्यांनी पॅकिंगचा सगळा दोरा पॅकिंग ऑफिसरवरून काढून मारोती नावाच्या मुकादमावर बांधला. मॅनेजरसाहेब तरातरा आले. मी मागे वही घेऊन. वारलूभाऊंना चांगलं झापलं पाहिजे असं माझं मत होतं आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

"वारलू, हे काय आहे? पॅकिंगला ऑफिसर आहे ना?"

"हाय ना, साहेब. पाटी हाय त्याची. सरळ हाय."

"मग दोरा मारोतीला का?"

"मी साऱ्यायले पुसलो. पॅकिंगचे अठरा जन म्हनते, मारोती सांगते. मारोती म्हनते, मी सांगतो. ऑफिसर एकटा म्हनते, मी सांगतो. मंग मी काय करू, सांगा."

"बांध परत!" साहेब म्हणाले.

वारलूभाऊंनी दोरा सोडला, पण बांधला नाही. लोंबत ठेवला. "तुमी म्हनता म्हनून सोडलो. खरं झालं की बांधतो."

चार दिवसांनी ट्रकांची रांग फाटकाबाहेर सडकेपर्यंत गेली. साहेबांनी ऑफिसरला बोलावून विचारलं, काय अडलंय? तो म्हणाला, "एक मिनिट सर, मारोतीला विचारतो." साहेब तिथून उठले. जाताना बोर्डासमोर थांबले आणि डोळ्यांनीच खूण केली. संध्याकाळी दोरा मारोतीच्या खिळ्यावर होता. माझ्या काचेत मात्र ऑफिसर दुहेरी रेघेत पुढे दोन वर्षं विराजमान होता.

आता जे सांगते ते सांगायला मला अजून जड जातं, पण वयाचा एक फायदा असतो, आपली लाज आपणच वाटून टाकता येते.

भीमराव नावाचा एक फिटर होता, जिवतीकडचा. डोंगरातल्या गावी गेला आणि तिथेच तापानं वारला. बातमी घेऊन माणूस आला त्याच दिवशी वारलूभाऊंनी त्याची पाटी काढली. लोक म्हणाले, वारलू दगडाच्या काळजाचा आहे, तेरवीपर्यंत तरी थांबायचं. ते म्हणाले, "त्याच्या जागेवर उद्या पोट्टा मशीन खोलन. त्याले वाटन, भीमराव आहेच पाठीमांगं." दोन दिवसांनी सुटी काढून ते दोन एसट्या बदलत जिवतीला गेले आणि ती पाटी त्याच्या घरी देऊन आले. बायकोनं ती देवाजवळ ठेवली असं नंतर कळलं.

आणि मी? मला कोणी लेखी कळवलं नव्हतं. लेखी नसलेलं मी खरं मानत नसे. माझ्या तक्त्यात भीमराव जागेवर होता आणि हजेरीत मात्र महिनाभर नव्हता. तेव्हा मी नियमाप्रमाणे त्याच्या पत्त्यावर "कारणे दाखवा" नोटीस पाठवली. विनापरवाना गैरहजर का, सात दिवसांत खुलासा करावा. सुंदर टाइप केलेली, एकही खाडाखोड नाही.

त्याची बायको ती नोटीस घेऊन आली. लहानखुरी, डोक्यावर पदर. टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून तिनं कागद पुढे केला. "भाऊ, हे तं गेले. यायनं याचा काय जवाब द्याचा?"

तिला वाचता येत नव्हतं. गावात कोणीतरी वाचून दाखवलं होतं. वारलूभाऊंनी नोटीस वाचली, तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, हे कागद त्याच्यासाठी नाई. तुमच्यासाठी हाय. तुमीच पाठवलं, तुमीच जवाब लिवा. ती बसली हाय बाहेर, तिच्यासमोर लिवा."

मी बाहेर जाऊन त्या बाईसमोर बाकावर बसले आणि माझ्याच नोटिशीला उत्तर लिहिलं: "सदर इसम मयत असल्याने हजर होऊ शकत नाही." लिहिताना ती माझ्या हाताकडे बघत होती. वाचून दाखवल्यावर तिनं मान हलवली, बरोबर आहे म्हणून. मग घरी गेली.

तरी मी शहाणी झाले असं समजू नका. तशी घाई मी आयुष्यात कधी केलेली नाही.

आमच्या कारखान्यात माणसं दोन दिशांकडची होती. पूर्वेकडची धानवाली, आरमोरी-मूलकडची. आणि पश्चिमेकडची कापूस-सोयाबीनवाली, राजुरा-जिवतीकडची. आषाढात रोवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की धानवाले आठ-दहा दिवस गायब व्हायचे. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखल करायचा, पऱ्हे म्हणजे रोपं लावून घ्यायची. तेव्हा त्यांच्या जागेवर कापूसवाले उभे राहायचे. दिवाळीनंतर कापूस वेचायला आला की उलटं. रजेचे अर्ज फोरमनच्या खणात पडून राहायचे आणि माणूस परतला की फाडले जायचे. मशीन कधी बंद पडलं नाही. ही अदलाबदल कारखाना उभा राहिल्यापासूनची आणि तिची नोंद जगात एकाच ठिकाणी होती, वारलूभाऊंच्या बोर्डावर. बिघाड झाला की इंजिनियर माझ्या काचेसमोरून धावत जाऊन त्या बोर्डापुढे उभे राहायचे. आता खरंच कोण आहे, हे तिथेच कळायचं.

मला ती अदलाबदल म्हणजे बेशिस्त वाटायची. मी ती तक्त्यात धरली नाही.

अशाच एका आषाढात मुख्य कचेरीतून निरोप आला. छाटणी करायची आहे. एक मोठे साहेब उद्या दहाला येतील, तक्ता पाहतील, आणि ज्या जागेवर माणूस नाही ती जागा रद्द. त्या दिवशी बोर्डावर सात पाट्या उलट्या होत्या. सातही वारलूभाऊंच्या गावच्या आजूबाजूचे. त्यातला एक, दौलत, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ.

सकाळी अकराला टाइम ऑफिसपुढे गर्दी झाली. मारोती, दोन फोरमन, युनियनचे एकदोघं. मॅनेजरसाहेबही आले.

"वारलू," साहेब हळू आवाजात म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न आहे. सात पाट्या सरळ कर. बाईंच्या तक्त्यात सगळे जागेवर आहेत, बोर्डावरही असू देत. तो काय घरोघर फिरणार आहे?"

माझ्या तक्त्याची ही पहिली आणि शेवटची स्तुती. मी ताठ झाले.

"पाटी फिरवून मानूस येते का, साहेब?" वारलूभाऊ म्हणाले.

मारोती भडकला. "अरे, तुहा भाऊ हाय त्याच्यात! सात घरं बसतीन. तुले तुह्या फळीची पडली!"

"फळीची नाई."

"मंग काय? सत्यनारायन घालून राह्यला का इथी?"

कोणीतरी हसलं. वारलूभाऊ नाही हसले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या दहाले येते ना तो साहेब? आता अकरा वाजले. मले एक दिवस सुटी द्या." आणि खर्ऱ्याची पुडी मारोतीच्या हातात ठेवून ते फाटकाबाहेर पडले. चंद्रपूरची गाडी उभी होती, तीत चढले.

मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, "पळाले बघा." असं म्हणणारी मीच. लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता एक तांदळाचा ट्रक फाटकाशी थांबला आणि त्यातून सात माणसं उतरली. पोटऱ्यांवर चिखल वाळून भेगा पडलेला. एकाच्या कानामागे पऱ्ह्याचं पातं अडकलेलं होतं. तोंड धुवायला वेळ नव्हता. सगळे सरळ आपापल्या जागेवर गेले. जाताना प्रत्येकानं बोर्डापुढे थांबून स्वतःची पाटी सरळ केली. दौलत शेवटी होता. त्यानं आपली सरळ केली आणि मग वारलूभाऊंची पाटी काढून उलटी टांगली.

"वारलूभाऊ कुठी?" मारोतीनं विचारलं.

"आमच्या बांधीत."

"काऊन?"

"पऱ्हे उपटून ठेवले होते सातही घरचे. उपटलेले थांबते का? दादा म्हने, तुमी जा, बैल मी धरतो. बाया आहेत लावाले. तीन दिवसानं येतो म्हने." मग बोर्डाकडे बोट करून, "पाटी उलटी कर म्हने माही. मी नाई ना तिथी."

दहाला मोठे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, बारीक मिशी, माणूस वाईट नव्हता. माझा तक्ता पाहून म्हणाले, "वा! सुंदर काम." मी आतून फुलले. मग त्यांची नजर बोर्डाकडे गेली. त्यांना ते भारी गमतीचं वाटलं. हातात माझ्या तक्त्याची नक्कल घेऊन ते एकेक पाटी ताडून पाहू लागले. चार ठिकाणी स्वतः जाऊन माणूस पाहून आले. बोर्ड म्हणेल तो माणूस तिथे होता. शेवटी खालच्या रांगेतल्या एकुलत्या काळ्या पाटीपाशी थांबले आणि ती उलटून वाचली.

"हा वारलू कोण?"

"टाइम ऑफिसचा हेल्पर," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"आज नाही?"

"रजेवर."

"अर्ज आहे?"

अर्ज नव्हता. ते नकलेवर बोट फिरवू लागले. "यात तर हे नाव दिसत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी "इतर" वर बोट ठेवलं.

"म्हणजे ज्याला तक्त्यात चौकट नाही आणि जो जागेवरही नाही, त्याची जागा कशाला ठेवायची? नक्की करतो तरी काय हा?"

उत्तर अगदी सोपं होतं. तुम्ही ज्या बोर्डाचं कौतुक करताय तो हाच माणूस रोज खरा ठेवतो. बारा शब्दही नाहीत. मी मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं, साहेब सात जागा वाचल्याच्या सुटकेत होते. मोठ्या साहेबांनी पेन उघडलं आणि मला विचारलं, "मग 'इतर' मधून एक कमी करू ना?"

मी म्हणाले, "येस सर."

वारलूभाऊ चौथ्या दिवशी आले, आपली पाटी सरळ केली आणि मला विचारलं, "वाचले ना सातही?" मी म्हटलं, वाचले. बाकीचं सांगायला विसरले, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. जागा रद्द झाल्याचं पत्र दसऱ्याच्या सुमारास आलं. त्याची कारखान्याची प्रत मीच टाइप केली आणि मीच त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्यानं वाचलं, घडी घातली, बोर्डापाशी गेले. स्वतःची पाटी काढून खिशात घातली आणि खिळाही उपटून घेतला. "खिळा मोकळा राह्यला तं कोनीतरी सदरा अडकवते," म्हणाले. तक्रार केली नाही. माझ्याकडे पाहिलं नाही असंही नाही. पाहिलं, नेहमीसारखं, चष्म्यावरून.

ते गेल्यावर बोर्ड माझ्याकडे आला. मी फाटकाशी उभी राहून विचारू लागले, "आज तुम्हाला कोण सांगतं?" माणसं गालात हसून म्हणायची, "तुमीच सांगा ना, बाई, कोन सांगाले पाह्यजे?" मला आवडेल ते उत्तर देऊन जायची. गाठी मला सुटेनात, म्हणून मी दोरे कापले. दीड महिन्यात बोर्ड माझ्या काचेइतकाच खोटा झाला. एकदा भट्टीचा पंखा बंद पडला आणि तो चालवणारा माणूस कोण, हे शोधण्यात अर्धा दिवस गेला. त्या संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं.

"वारलूला परत घेता येईल," ते म्हणाले. "मी वर बोललोय. त्या दिवशी तो हजर होता असं त्यानं लिहून दिलं की झालं. पाटी रंगवायला उलटी केली होती, असं लिहा. तुम्हीच जा."

मजकूर मीच तयार केला. मार्गशीर्षात, धान कापून बांध्या उघड्या पडल्या होत्या तेव्हा, आरमोरीला उतरून विचारत विचारत त्यांच्या गावी गेले. घरी त्यांची बायको भागरताबाई होती. मी कुठून आले हे कळताच तिनं सूप खाली ठेवलं.

"आले का शेवटी कंपनीवाले? हा मानूस रोज सडकेवर जाऊन चंद्रपूरची गाडी पाह्यते. पुसलं तं म्हनते, पाय मोकळे करतो. पाय मोकळे कराले सडकच लागते का? चला, तलावावर हाय."

वाटेतच मी तिला कागदाचं सांगितलं. ती माझ्यापुढे धावायला लागली.

वारलूभाऊ गुडघाभर पाण्यात उभे होते, खांद्यावर जाळं, शेजारी लाकडी डोंगा. मला पाहून खरंच खुलले. पाळी कोणाची आहे, मारोती कसा आहे, भट्टीवर आता कोण, सगळं विचारलं. मग मी कागद वाचून दाखवला. "त्या दिवशी मी सकाळपासून कामावर हजर होतो. पाटी रंगवण्यासाठी उलटी केली होती."

"एवढी सही केली की एक तारखेपासून या," मी म्हटलं.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. मी पुन्हा वाचला. त्यांनी ओला हात कमरेच्या धोतराला पुसला आणि पुढे केला. भागरताबाई एक पाऊल पुढे सरकली. त्यांनी कागद घेतला, लांब धरून स्वतः वाचला आणि परत दिला.

"बाई, त्या दिवशी मी दौलतच्या बांधीत होतो."

"ते कोणाला कळणार आहे, भाऊ?"

"त्या सात जनायले ठाऊक हाय. मी तिथी येऊन पुन्हा त्यायच्या पाट्या उलट्या करीन, तं कोन्या तोंडानं करू?"

"घ्या!" भागरताबाई ओरडली. "साऱ्या जगाचं तोंड पाह्यते हा मानूस. मायं एक पाहाले याले टाइम नाई!" ती काठावर फतकल मारून बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली. वारलूभाऊ तिच्याकडे बघत राहिले. परत यायची त्यांची किती इच्छा होती, ते त्या क्षणी माझ्यासारखीलाही दिसलं. जाळ्याची किनार त्यांनी दोन्ही मुठींत इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली.

मला वाटलं, यांच्यासाठी निदान एक वाट मोकळी ठेवावी.

"बरं, असं करते," मी म्हटलं. "साहेबांना सांगते, तुम्ही गावी नव्हता, भेट झालीच नाही. म्हणजे प्रकरण बंद होणार नाही. पुढे कधी विचार बदलला तर..."

त्यांनी चकित होऊन माझ्याकडे पाहिलं.

"भेटलो तं आपन," ते म्हणाले.

मी पेन काढलं. कागद डोंग्याच्या काठावर ठेवला आणि माझ्या त्या सुंदर टाइप केलेल्या मजकुराखाली हातानं लिहिलं: "समक्ष भेटले. सही दिली नाही." ते पाण्यात उभे राहून वाट बघत होते.

"तारीख," ते म्हणाले.

मी तारीख टाकली. मग ते वळले आणि डोंगा ढकलत खोल पाण्याकडे गेले.